लिपोसोममधलं सी६० एका बॅचला चालतं, पुढच्या बॅचला नाही: नक्की काय तपासायचं

प्रॉब्लेम तोच तो आहे, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांमधली एमएससी-पीएचडीची मुलं पुन्हापुन्हा तोच घेऊन येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. सी६०, म्हणजे साठ कार्बनचं गोल फुलरिन, लिपोसोमच्या, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म पिशव्यांच्या, लिपिडच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) थरात बसवायचं, वरून लाइट मारायचा आणि सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, चटकन रिॲक्ट होणारं रूप, निघतोय का ते मोजायचं. पहिल्या बॅचला मस्त निघतो. दुसऱ्या बॅचला पद्धत तीच, लिपिड तेच, दिवा तोच, आणि प्रोब, म्हणजे सिंग्लेट ऑक्सिजन दाखवणारा डाय, हलतच नाही. तिसरी बॅच कुठेतरी अधेमधे. मग गाइड विचारतात की रिपीट का होत नाही, आणि इथे जवळजवळ प्रत्येकजण एकच उपाय करतो, सी६० दुप्पट घालतो.

ते करू नका. बहुतेक वेळा रीडिंग अजून खाली जातं. सी६० कमी पडतंय असं फार क्वचित असतं, ते एकमेकांना चिकटून बसलेलं असतं.

कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एकटं सुटं सी६० प्रकाश शोषतं, मग ट्रिपलेट या जास्त ऊर्जेच्या, जरा जास्त टिकणाऱ्या अवस्थेत जातं आणि तिथून ऊर्जा ऑक्सिजनला देतं. हे काम ते इतकं चांगलं करतं की १९९१ मध्ये बेंझिनमध्ये मोजलं तेव्हा ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला सिंग्लेट ऑक्सिजनचं यील्ड ०.९६ आलं होतं, म्हणजे शोषलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटॉनमागे एक. पण हे सुट्या रेणूचं. गठ्ठ्यात बसलेल्या सी६०ची ट्रिपलेट अवस्था शेजाऱ्यामुळेच विझते, ऑक्सिजन भेटायच्या आधीच. गठ्ठ्याच्या आतल्या रेणूंपर्यंत तर ऑक्सिजन पोचतही नाही. म्हणून फ्लास्कमध्ये किती सी६० टाकलं याला फारसा अर्थ नाही, त्यातलं सुटं किती आणि थराच्या आत किती हाच खरा प्रश्न, आणि दिवा, प्रोब, प्लेट रीडर यांच्याकडे त्याच्यानंतर वळायचं.

आधी स्पेक्ट्रम

प्रत्येक बॅचचा, अगदी प्रत्येक बॅचचा, ३०० ते ७०० नॅनोमीटरचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि तेच टाळलं जातं, कारण डीएलएसला, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची साइज सांगणाऱ्या मशीनला, १०० नॅनोमीटरचा सुंदर एकच पीक आलेला असतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. डीएलएसवर इथे विश्वास ठेवायचाच नाही. पाण्यात सी६०चे स्वतःचे जे कण तयार होतात तेही साधारण त्याच साइजचे असू शकतात, वर त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते दिवसेंदिवस तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. लिपोसोम १०० चा आणि कणही १०० चा, मशीनला काय कळणार. १०० नॅनोमीटरच्या मेम्ब्रेनमधून एक्स्ट्रूड केलं (दाबून पार केलं) म्हणून गठ्ठे गेले असतील हेही खरं नाही, बारीक असतील तर ते सरळ पार होतात.

स्पेक्ट्रममध्ये बघायचं ते असं. टोल्यूनमध्ये सुटं सी६० ३३५ नॅनोमीटरच्या आसपास एक ठळक पीक देतं आणि ४०७ जवळ एक छोटासा टोकदार काटा. लिपिडच्या थरात नीट बसलेलं असेल तर साधारण हेच चित्र दिसतं, पीक किंचित सरकलेला, किंचित रुंद, पण ४५० नॅनोमीटरच्या भागात जवळजवळ काही नाही. गठ्ठा झाला की ३४० वगैरेचा पीक पसरतो, त्याची उंची कमी होते, आणि ४०० ते ५०० मध्ये एक रुंद फुगवटा येतो जो सुट्या रेणूला नसतोच. तो फुगवटा दिसला की पुढचं काहीही करू नका, ती बॅच बाजूला ठेवा. त्याच्यावर प्रोब वाया घालवू नका, प्रोब महाग आहे.

डोळ्यांनी रंग बघून ठरवणारे बरेच आहेत. टोल्यूनमधलं सी६० जांभळं असतं हे सगळ्यांना माहीत, मग लिपोसोम जांभळा नाही म्हणजे सी६० आत गेलं नाही असा निष्कर्ष काढतात. हिशेब करा ना. १ मिलिमोलर डीएमपीसी (नेहमीचं एक सॅच्युरेटेड लिपिड), १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ६.८ मिलिग्रॅम लिपिड. त्यात १ मोल टक्का (शंभर लिपिड रेणूंमागे एक) सी६० म्हणजे ०.१ मायक्रोमोल, वजनात ७२ मायक्रोग्रॅम, म्हणजेच सोल्युशन १० मायक्रोमोलरचं झालं. दृश्य प्रकाशात सी६०चं शोषण इतकं कमी आहे की १० मायक्रोमोलरला ५४० नॅनोमीटरवर ॲब्जॉर्बन्स ०.०१ च्या आसपास येईल. ते डोळ्याला दिसणारच नाही. उलट याच सॅम्पलला ३३५ ला ०.५ ते ०.६ यायला हवं, आणि ते मशीनला आरामात दिसतं. १० मायक्रोमोलरला जर डोळ्यांनी स्पष्ट पिवळट-तपकिरी रंग दिसत असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही, तो गठ्ठ्याचा रंग आहे.

ब्लँक मात्र बरोबर लावा. नुसत्या बफरचा ब्लँक लावला तर लिपोसोमचं स्कॅटरिंग ३४० ला एवढं वर येतं की सगळा पीक त्यात बुडतो. त्याच दिवशी, त्याच लिपिडचे, त्याच फिल्टरमधून काढलेले, तेवढ्याच कॉन्सन्ट्रेशनचे पण सी६० नसलेले लिपोसोम, हाच ब्लँक. आणि क्युव्हेट, म्हणजे सॅम्पल ठेवायची चौकोनी नळी, क्वार्ट्झचा घ्या, साध्या प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये नेमका तिथेच घोळ होतो जिथे आपल्याला बघायचंय.

फिल्म सुकताना काय होतं

आता कारणांकडे. पातळ फिल्मची पद्धत वापरत असाल, म्हणजे लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये, सी६० टोल्यूनमध्ये, दोन्ही मिसळून रोटाव्हेपवर (व्हॅक्यूममध्ये फ्लास्क फिरवत सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) सुकवायचं आणि मग बफर घालायचा, तर नव्वद टक्के गडबड इथेच, फ्लास्कच्या काचेवर होते असं माझं स्पष्ट मत आहे. क्लोरोफॉर्म ६१ डिग्रीला उकळतो, टोल्यून ११०.६ ला. व्हॅक्यूममध्ये आकडे खाली येतात पण क्रम तोच राहतो, क्लोरोफॉर्म आधी जातो, टोल्यून मागे राहतो, तो हळूहळू आटत जातो आणि सी६० त्यातून स्फटिक होऊन बाहेर पडतं, लिपिड शेजारी वेगळं सुकतं. फ्लास्क उजेडासमोर धरून बघा. फिल्मवर काळपट ठिपके किंवा तळाशी कडेला तपकिरी रिंग दिसली तर सी६० लिपिडमध्ये मिसळलेलंच नाही. मग बफर घाला, व्होर्टेक्स करा, सोनिकेट करा, ते स्फटिक फक्त बारीक होतात, सुटे होत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २००८ च्या एका कम्प्युटर सिम्युलेशनमध्ये दाखवलं होतं की फुलरिनचे झुपके लिपिडच्या थरात शिरले की आत जाऊन सुटे होतात, आणि ते वाचून मुलं म्हणतात की मॅडम, आपोआप होईल ना. ते झुपके मोजक्या रेणूंचे होते हो. तुमच्या फ्लास्कमधला डोळ्याला दिसणारा ठिपका म्हणजे अब्जावधी रेणू, आणि त्या थराची सगळी जाडी साधारण ४ नॅनोमीटर. तो ठिपका त्याच्या आत जाणार कसा.

उपाय काय. पहिला म्हणजे कमी घाला. फिल्मच्या पद्धतीने मी १ मोल टक्क्याच्या खालीच सुरुवात करायला सांगते, आणि ते कमी वाटत असेल तर असं बघा, १०० नॅनोमीटरच्या एका लिपोसोममध्ये ढोबळ हिशेबाने लाखाच्या आसपास लिपिड रेणू असतात, त्याचा १ टक्का म्हणजे एकेका लिपोसोममध्ये हजारभर सी६०. भरपूर आहे. दुसरं म्हणजे एवढ्या कमी मात्रेला टोल्यूनची गरजच नाही. सी६० क्लोरोफॉर्ममध्येही विरघळतं, कमी, मिलिलिटरला सुमारे ०.१६ मिलिग्रॅम, टोल्यूनच्या २.८ समोर ते काहीच नाही, पण आपल्याला लागतंय ०.०७२ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा क्लोरोफॉर्म स्टॉक करा, वेळ देऊन विरघळू द्या, फिल्टर करा, ३३५ ला मोजा, आणि ०.७२ मिलिलिटर वापरा. एकच सॉल्व्हंट, एकदम सुकतो. मोठा फ्लास्क घ्या म्हणजे फिल्म पातळ पसरेल, आणि जोरात सुकवा, रेंगाळू देऊ नका. आपल्याकडे नळाचं पाणी मे महिन्यात तीस डिग्रीच्या आसपास असतं, त्या पाण्यावर कंडेन्सर चालवला तर सॉल्व्हंट नीट पकडला जात नाही आणि सुकणं लांबतं, तेव्हा चिलर असेल तर लावा, नसेल तर पाण्यात बर्फ टाकून फिरवा.

टोल्यूनचा स्टॉक वापरायचाच असेल तर दर वेळी वापरण्याआधी त्याचा ॲब्जॉर्बन्स घ्या. उन्हाळ्यात झाकण जरा सैल राहिलं तरी टोल्यून उडतो आणि स्टॉक घट्ट होत जातो, लेबलवर ०.५ लिहिलेलं असतं आणि आत ०.८ असतं. बाटली अंबर काचेची, प्रकाश आणि हवा लागत राहिली तर सी६० हळूहळू ऑक्सिडाइझही होतं. फिल्म सुकल्यावर रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवा, कारण राहिलेला टोल्यून लिपिडच्या थरातच जाऊन बसतो, सी६०ला तात्पुरता आधार देतो, स्पेक्ट्रम पहिल्या दिवशी छान येतो आणि दोन दिवसांनी टोल्यून निघून गेला की बिघडतो. पाण्याच्या जेटवरचा व्हॅक्यूम पंप असेल तर मधे ट्रॅप बाटली हवीच. लाइट गेली किंवा पाण्याचा प्रेशर पडला की पाणी उलटं फ्लास्कमध्ये येतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी ओली असते की फ्रीझरमधली लिपिडची बाटली थंड असतानाच उघडली तर आत लगेच दव धरतं, आणि ही लिपिडं पाणी ओढून घेतात. मग वजन चुकतं, आणि वजन चुकलं की मोल टक्के चुकले, १ टक्का म्हणून घातलेलं प्रत्यक्षात जास्त होतं. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवून रूम टेंपरेचरला येऊ द्या आणि मगच उघडा. त्याहून बरं म्हणजे नवीन बाटली आली की एकदाच सगळं क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन छोट्या काचेच्या व्हायलमध्ये वाटून ठेवायचं. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म किंवा टोल्यून ठेवू नका, प्लॅस्टिकमधलं काहीबाही उतरतं आणि यूव्हीमध्ये तेच दिसतं.

एसी, फ्रिज आणि लोकलचा प्रवास

हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं आणि माझ्या मते "कधी चालतं कधी नाही" याचं खरं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. डीएमपीसीचं फेज ट्रान्झिशन २४ डिग्रीला आहे. २४ च्या वर थर पातळ, वाहता, २४ च्या खाली थिजलेल्या तुपासारखा घट्ट. आता आपल्या लॅबमधला एसी बघा. दुपारी २२ वर लावलेला, संध्याकाळी बंद, मग रूम तीस-बत्तीसला. म्हणजे तुमचा सॅम्पल बेंचवर पडल्यापडल्या रोज एकदा थिजतो आणि एकदा वितळतो, आणि कोणी एक अक्षर लिहून ठेवलेलं नसतं. थिजताना लिपिडच्या शेपट्या दाटीने रचल्या जातात, मधे एक नॅनोमीटरचा गोळा बसायला जागा राहत नाही, सी६० एका बाजूला ढकललं जातं आणि शेजारच्या सी६०ला चिकटतं. परत गरम केलं की थर वितळतो पण चिकटलेलं सी६० परत सुटं होईलच असं नाही.

म्हणून डीएमपीसीचे लिपोसोम फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. सगळे नियमाने फ्रिजमध्ये ठेवतात कारण लिपोसोम फ्रिजमध्ये ठेवायचे असं शिकवलेलं असतं, आणि नुसत्या लिपोसोमला ते ठीकही आहे. सी६० असेल तर नाही. ३० डिग्रीच्या बाथमध्ये, फॉइल गुंडाळून, अंधारात, आणि त्याच दिवशी वापरा. डीपीपीसी हे जास्त लांब शेपट्यांचं लिपिड तर ४१ ला वितळतं, म्हणजे आपल्या कुठल्याही रूममध्ये ते घट्टच असणार, मग हायड्रेशन आणि एक्स्ट्रूजन ५० डिग्रीला करून पुढे बेंचवर ठेवलं की झालं, गठ्ठा. डीपीपीसीमध्ये सी६०साठी काम करायचं काही खास कारण नसेल तर करू नका, एवढंच सांगते.

आणि तो थर्मोकोलचा डबा. सिंग्लेट ऑक्सिजनचा १२७० नॅनोमीटरचा स्वतःचा प्रकाश मोजायची सोय प्रत्येक कॉलेजात नाही, म्हणून सॅम्पल दुसऱ्या संस्थेत न्यावे लागतात. मुलं ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून वाशी, तिथून पुढे, आणि सॅम्पल आइस पॅकमध्ये. काळजी घेतल्यासारखं वाटतं, पण पोचेपर्यंत डीएमपीसी ४ डिग्रीला थिजलेलं असतं आणि तिथे सिग्नल येत नाही, मग दोष त्या इन्स्ट्रुमेंटला. बर्फाशिवाय न्या. कोमट पाण्याच्या पिशवीसोबत, अंधारात, आणि पोचल्यावर मोजण्याआधी तिथे परत एकदा स्पेक्ट्रम घ्या. प्रवास थंडच करायचा असेल तर पीओपीसी हे लिपिड घ्या, त्याचं ट्रान्झिशन उणे २ डिग्रीला आहे, फ्रिजमध्येही वाहतं राहतं. फक्त त्याच्यात एक डबल बाँड आहे, त्याबद्दल पुढे येतेच.

गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनवाली पद्धत

१ टक्क्याच्या पुष्कळ वर जायचं असेल तर फिल्मच्या मागे लागून उपयोग नाही, एक्स्चेंजची पद्धत वापरा. १९९२ मध्ये दिसलं होतं की गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूच्या दोन वाट्या सी६०ला दोन्ही बाजूंनी झाकतात आणि ते पाण्यात विरघळतं. पुढे जपानमध्ये अत्सुशी इकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कॉम्प्लेक्समधलं सी६० थेट लिपोसोममध्ये उतरवलं, कॉम्प्लेक्स आणि तयार लिपोसोम मिसळायचे आणि ८० डिग्रीला तासभर ठेवायचं. गरम झाल्यावर वाट्या उघडतात, सी६०ला पाण्यात राहवत नाही, ते जवळच्या लिपिडमध्ये शिरतं. मला ही पद्धत फार आवडते, कारण यात सी६० स्फटिकातून यावं लागत नाही, एकेकटं येतं आणि एकेकटंच आत जातं.

इथे बिघडतं ते असं. स्वस्त पडतं म्हणून बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन आणलेलं असतं. बीटाची पोकळी लहान, सी६० त्यात मावत नाही, गॅमाच लागतं. मग कॉम्प्लेक्स बनवताना सी६० आणि गॅमाचं कोरडं घोटणं. हातानं खलात घोटलं तर यील्ड कमी येतं आणि माणूस बदलला की बदलतं, बॉल मिल मिळाली तर तीच वापरा. पाणी घातल्यावर जे न विरघळलेलं काळं राहतं ते सेंट्रिफ्यूज करून काढाच, काढलं नाही तर ते गठ्ठे पुढे लिपोसोमसोबत जातात. वरच्या पाण्याचा स्पेक्ट्रम घेऊन कॉन्सन्ट्रेशन काढा, वजनावरून काढू नका, वजनातलं बहुतेक सी६० तळाशी गेलेलं असतं.

८० डिग्रीच्या त्या तासाला एक कंट्रोल नेहमी सोबत ठेवा, तेवढंच कॉम्प्लेक्स, तोच बफर, लिपोसोम नाहीत. त्या नळीत सी६०ला जायला जागा नसते म्हणून ते गढूळ तपकिरी होऊन खाली येतं. लिपोसोमवाली नळी स्वच्छ राहिली आणि स्पेक्ट्रममध्ये फुगवटा नाही तर एक्स्चेंज झालं. दोन्ही नळ्या सारख्याच दिसल्या तर नाही झालं. तास अर्धा झाला आणि मेंटेनन्ससाठी लाइट गेली, बाथ ६० वर आला, असं आपल्याकडे होतं, अशा वेळी ती बॅच पुन्हा गरम करून वाचवायला जाऊ नका. गरम पाण्याचा थर्मास हाताशी ठेवा, बाथचं झाकण उघडू नका, तेवढ्याने दहा-पंधरा मिनिटं निभतात.

सी७० चालत असेल तर तेही वापरून बघा. दृश्य प्रकाशात, विशेषतः ४७० च्या आसपास, सी७०चं शोषण सी६०पेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि सिंग्लेट ऑक्सिजनचं यील्डही ०.८१ मोजलेलं आहे. महाग आहे, पण लागतं किती, मायक्रोग्रॅममध्ये.

स्पेक्ट्रम चांगला आहे आणि तरीही सिग्नल नाही

मग आता दिव्याकडे या. फोटोडायनॅमिक, म्हणजे प्रकाश आणि डाय वापरून पेशी मारायचं, काम करणाऱ्या लॅबमध्ये लाल एलईडी पडलेले असतात, ६३० किंवा ६६० चे, पॉर्फिरिन डायसाठी घेतलेले. सी६०ला त्या भागात जवळजवळ काही शोषताच येत नाही, आणि न शोषलेल्या प्रकाशाने काही होत नाही, तासभर ठेवा नाहीतर रात्रभर. लाल प्रकाशच हवा असेल तर त्याच थरात लाल शोषणारा लिपिडसारखा सायनाइन डाय बसवतात जो ऊर्जा पकडून फुलरिनला देतो, पण तो वेगळा विषय. सी६०साठी निळा किंवा पांढरा एलईडी घ्या.

यूव्हीने सी६० जोरात शोषेल हे खरं, पण मग प्रोबच मरतो. एबीडीए हा प्रोब आपण ३८० नॅनोमीटरला कमी होताना बघतो, म्हणजे तो स्वतः तिथे शोषतो, ३६५ च्या दिव्याखाली तो सी६० नसतानाही उडतो. सिंग्लेट ऑक्सिजन सेन्सर ग्रीन या प्रोबचंही तसंच, प्रकाशात तो स्वतःच थोडा सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतो हे आता माहीत झालेलं आहे. तेव्हा प्रोब अधिक रिकामे लिपोसोम अधिक लाइट, हा कंट्रोल रोजचा. हा नसलेला डेटा मी बघतसुद्धा नाही.

ऑक्सिजन. ही अगदी साधी गोष्ट आहे आणि फार काळजी घेणाऱ्या मुलांकडेच होते. लिपिड खराब होऊ नये म्हणून सगळं नायट्रोजनखाली करतात, बफरमधून नायट्रोजन सोडतात, क्युव्हेट बंद करतात आणि मग त्याच बंद क्युव्हेटवर लाइट मारतात. आत ऑक्सिजनच नाही तर सिंग्लेट ऑक्सिजन येणार कुठून. बनवताना नायट्रोजन, मोजताना उघडी हवा. हवेने भरलेल्या पाण्यात साधारण ०.२५ मिलिमोलर ऑक्सिजन असतो, तेवढा पुरतो.

जे निघतंय ते खरंच सिंग्लेट ऑक्सिजन आहे का हे बघायला दोन सोप्या टेस्ट आहेत. सोडियम अझाइड घातला की सिग्नल पडायला हवा. साध्या पाण्याऐवजी जड पाण्यातला बफर घेतला की वाढायला हवा, कारण साध्या पाण्यात सिंग्लेट ऑक्सिजन साडेतीन मायक्रोसेकंद जगतो आणि जड पाण्यात त्याच्या वीसेक पट. अझाइड विषारी आहे, ग्लव्ह्ज घाला, ॲसिडजवळ नेऊ नका, सिंकमध्ये ओतू नका. दोन्ही टेस्टमध्ये फरक पडत नसेल तर बफरकडे बघा. एनएडीएचसारखा इलेक्ट्रॉन देणारा रेणू सोबत असेल तर पाण्यात सी६०चा रस्ता बदलतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलंय. त्यामुळे पेशींच्या मीडियममध्ये आलेला परिणाम आणि साध्या फॉस्फेट बफरमधला परिणाम एकच समजू नका. पहिलं काम फॉस्फेट बफरमध्येच करा.

शेवटी लिपिड स्वतः. सोयाचं लेसिथिन स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून खूप जण त्याच्यावर काम करतात, पण त्यात लिनोलिक ॲसिड भरपूर, म्हणजे दोन-दोन डबल बाँड. सिंग्लेट ऑक्सिजन थरातून बाहेर पडण्याआधीच त्यांच्याशी रिॲक्ट होतो, पाण्यातल्या प्रोबपर्यंत कमी पोचतो, आणि वर लिपिड हायड्रोपेरॉक्साइड साठत जातात ज्यांनी थर गळायला लागतो. मग लिपोसोमच्या आत भरलेलं कॅल्सीन (चमकणारा डाय) बाहेर आलं की लोक म्हणतात सी६०ने मेम्ब्रेन फोडला. तो सी६०ने नाही फोडला, ऑक्सिडेशनने फोडला, आणि जुनं लेसिथिन असेल तर अंधारातही थोडा फुटलेला असतो. २३४ नॅनोमीटरला रिकाम्या लिपोसोमचं शोषण बघा, तिथे वाढलेलं असेल तर लिपिड आधीच ऑक्सिडाइझ झालेलं आहे, ती बाटली या कामाला चालणार नाही. सिग्नल मोजायचा असेल तर डीएमपीसीसारखं सॅच्युरेटेड घ्या, पीओपीसी मधला मार्ग, ऑक्सिडेशनच अभ्यासायचं असेल तरच सोया. आणि दिव्याखाली क्युव्हेट तापतोय का ते थर्मामीटर घालून बघा, कारण डीएमपीसी २४ जवळ असेल तर नुसत्या गरमीनेही कॅल्सीन गळतं आणि ते प्रकाशाच्या खात्यात जमा होतं.

टीएचएफ हा सॉल्व्हंट वापरून सी६० पाण्यात आणायची जुनी कृती अजून काही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फिरतेय. ती घेऊ नका. २००७ मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर दिसलं होतं की ज्या विषारीपणाचा दोष फुलरिनला दिला जात होता तो टीएचएफच्या विघटनातून आलेल्या पदार्थांचा होता. पेशींवर जायचं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायचं असेल तर "सिग्नल येत नाही" एवढंच विचारू नका, त्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. सी६०वाल्या आणि रिकाम्या लिपोसोमचा ३०० ते ७०० चा स्पेक्ट्रम एकाच ग्राफवर, लिपिडचं नाव आणि बाटली कधी उघडली ती तारीख, मोल टक्के वजनावरून की ॲब्जॉर्बन्सवरून काढले, बनवल्यापासून मोजेपर्यंत सॅम्पल किती डिग्रीला होता, दिव्याची वेव्हलेंग्थ, आणि प्रोब अधिक रिकाम्या लिपोसोमचा लाइटखालचा आकडा, हे सोबत द्या. सुकलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर तोही, फ्लास्क खिडकीसमोर धरून.